जावळाचं तिकीट

मल्लेश्वरम, बेंगलोर
१२ जुलै १९९८

चि. आसावरी,

आशीर्वाद आहेतच, पण आधी माझा राग घे.

गेल्या रविवारी तुझा फोन आला. तीन मिनिटांत मी काय विचारलं? जेवलीस का, आणि तिकडे पाऊस आहे का. तुझ्याकडे सकाळचे नऊ वाजले होते म्हणे, जेवशील कशी! पण बाबा मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरून उभे. पैसे तुझे जातात आणि धास्ती ह्यांना. म्हणून जे बोलायचं ते पत्रातच बोलते.

येत्या नोव्हेंबरात तुला अमेरिकेला जाऊन चार वर्षं होतील. वेदांत दीड वर्षाचा झाला, तरी मी त्याला फोटोतच बघते आहे. मागच्या फोटोत त्याचे केस पार डोळ्यांवर आलेत. शेजारच्या कावेरीअक्कांना कौतुकाने दाखवला, तर म्हणाल्या, नात छान आहे हो. चूक त्यांची नाही, केसांची आहे.

त्याचं जावळ वर्षाच्या आत काढायचं राहून गेलं. आता दुसरं चालू आहे, सम वर्षी चालत नाही. तिसरं लागलं की मात्र काढायलाच हवं, आणि तेही मामाच्या मांडीवर बसवून. मकरंदमामा इथे. म्हणजे तुम्हाला यायलाच हवं. आपल्या घरात कार्याशिवाय कुणी गाडीत पाय ठेवत नाही, हे मला ठाऊक आहे. बाबांच्या साठीला तू यायची होतीस, तेव्हा तुला सातवा महिना लागला होता. आता हे कार्य आपल्या पायाने चालून आलंय. तर तिकिटं कधी काढताय ते कळव.

मकरंद मजेत आहे. ऑफिसात काम फार असतं. बाकी त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

तुझी
आई

*

एडिसन, न्यू जर्सी
२ ऑगस्ट १९९८

ती. सौ. आईस,

राग पोचला. खाली आशीर्वाद सापडले, तेही ठेवून घेतले.

आई, तू म्हणतेस ते जावळ मलाही हवंच आहे. वेदांतला पार्कात घेऊन गेले की बायका 'काय गोड मुलगी' म्हणतात. पाळणाघरातल्या बाईंनी तर परवा त्याला दोन गुलाबी चाप लावून पाठवलं. अवधूतने दार उघडलं आणि क्षणभर वाटलं त्याला, चुकून दुसऱ्याचं मूल आलं.

पण तिकिटांचं ऐक. शनिवारी आम्ही दोन तास ट्रॅव्हल एजंटसमोर बसलो होतो. अवधूतला सलग सुट्टी मिळते ती फक्त नाताळात, आणि दहा डिसेंबरपासून भाव जवळजवळ दुप्पट होतात. सगळा भारतच त्या तीन आठवड्यांत घरी जायला निघतो. त्या भावात आम्हा दोघांना जमणार नाही हे तिथेच कळलं. म्हणजे मी आणि वेदांत.

आता वेदांतची गंमत. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसवून नेलं तर तिकीट दहा टक्के. दोन पूर्ण झाली की वेगळी सीट आणि जवळजवळ आपल्याएवढेच पैसे. आणि नुसतं जाताना दोनच्या आत असून भागत नाही, परत येतानाही असायला लागतं. त्याला दोन पूर्ण होतात चोवीस डिसेंबरला.

म्हणजे जावळासाठी चोवीसच्या नंतर यायला हवं आणि तिकिटासाठी चोवीसच्या आधी परत जायला हवं. एजंट म्हणाला, "मॅडम, एक काहीतरी ठरवा." काय ठरवू? चार वर्षांत पहिल्यांदा यायला सबळ कारण मिळालंय, ते मी सोडणार नाही. मागे एकदा अवधूत म्हणाला होता, एवढा खर्च करायचा तर कारणही तेवढंच हवं. ते माझ्या डोक्यात बसलंय.

एजंटने पंधरा ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. नंतर डिसेंबरच्या सीटाच उरत नाहीत. तू आणि बाबा मिळून ह्यातून वाट काढा.

सकाळी उठल्यावर 'आज नाश्त्याला काय करू' असं कुणीतरी मला विचारावं, एवढंच सध्या वाटतं.

तुझी
आसा

*

मल्लेश्वरम
२० ऑगस्ट १९९८

चि. आसा,

वाट निघाली! बाबांनी काढली, पण त्यांच्या तोंडी लागलीस तर चार पानं जातील, म्हणून आधी मी लिहिते.

तुझं पत्र आल्यापासून तीन दिवस हे पंचांग, कॅलेंडर आणि लाकडी पट्टी घेऊन बसले होते. जेवायला हाक मारली तर हात वर करायचे. काल दुपारी एकदम ओरडले. मला वाटलं पाल पडली.

वेदांत झाला दत्तजयंतीला. त्या दिवशी तारीख चोवीस डिसेंबर होती खरी, पण त्या वर्षी आषाढ दोनदा आला होता, म्हणून मार्गशीर्ष लांबला. ह्या वर्षी अधिक महिना नाही. दत्तजयंती आहे तीन डिसेंबरला, त्यातून गुरुवार. म्हणजे आपल्या हिशोबाने पोराला तीन डिसेंबरलाच तिसरं लागतं, आणि विमान कंपनीच्या हिशोबाने तो चोवीसपर्यंत दोनचाही नाही!

मी आनंदाने कावेरीअक्कांना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, पण सोळापासून धनुर्मास, मंगलकार्य नको. सरी, ठीक आहे, तेही धरलं. उरले चार ते पंधरा. तुझे ते दुप्पट भाव सुरू व्हायच्या आत निघ, आणि पोराचा वाढदिवस तिकडे जाऊन कर. जावईबापूंना सुट्टी नसली तरी अडत नाही. जावळाला मामा लागतो, बाप नसला तरी चालतं. आता पुढचं ह्यांच्याकडून ऐक.

चि. आसावरी, अनेक आशीर्वाद. निघण्याची तारीख ३ किंवा ४ डिसेंबर धरावी. पोचणे ६. एक दिवस मुलाच्या झोपेसाठी राखीव. कार्य ९ ते १४ मध्ये सोयीने. परतीचा प्रवास २१ च्या आत. सोबत आराखडा जोडला आहे. लाल रेघ म्हणजे पंचांग, निळी म्हणजे विमान. दोन्ही रेघा जिथे एकावर एक येतात तेवढीच आपली खिडकी. – बाबा

ता.क. मकरंद ठीक आहे. त्याला ईमेल-बिमेल करत बसू नकोस, त्याच्या साहेबाला आवडत नाही. – आई

*

एडिसन
९ सप्टेंबर १९९८

ती. बाबांस,

हे पत्र तुमच्या कारखान्याच्या पेन्शनर मंडळाच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे. तिथेच वाचा, आणि घरी नेऊ नका.

बाबा, वेदांतचे केस गेले.

रविवारी एका स्नेह्यांकडे अंगणात जेवण होतं. वेदांत बाबागाडीत झोपला. कुणाच्या तरी पोराने चघळलेलं च्युइंगगम गाडीच्या उशीला चिकटवून ठेवलं होतं. उठला तेव्हा डोक्याच्या डाव्या बाजूला लिंबाएवढा गोळा. बर्फ लावला, तेल चोळलं, कुणी सांगितलं म्हणून शेंगदाण्याचं लोणीसुद्धा थापलं. त्याने झालं एवढंच की पोराच्या डोक्याला चिक्कीचा वास यायला लागला. शेवटी मी कोथिंबिरीची कात्री घेतली आणि तेवढाच भाग कापला. मग एका बाजूला टक्कल आणि एका बाजूला झुलपं असा तो दिसायला लागला. अवधूत म्हणाला, थांब, मी सारखं करतो. त्याने दाढीचं मशीन आणलं आणि सारखं करता करता सगळंच काढलं.

म्हणजे जावळ झालं. च्युइंगगमच्या मुहूर्तावर, बापाच्या हातून, मामा नसताना, सम वर्षी. एकही गोष्ट बरोबर झाली नाही. आणि बाबा, तो इतका देखणा दिसतोय की काय सांगू.

आईला ह्यातलं काही सांगायचं नाही. तिकीट अजून काढलेलं नाही. जावळ झालंय हे कळलं की ती म्हणेल, मग आता उगीच कशाला पैसे घालता, पुढे काही कार्य निघेल तेव्हा या. तिचं म्हणणं मला खोडता येणार नाही. पुढचं कार्य म्हणजे मकरंदचं लग्न, आणि त्याला तर अजून मुलगीच बघितलेली नाही. मला एवढा धीर नाही. तिकीट हातात पडलं की मीच सांगेन. तोवर तुमचा आराखडा तसाच राहू द्या. मला वचन द्या.

आसा

*

मल्लेश्वरम
२१ सप्टेंबर १९९८

चि. अवधूतराव यांस,

आशीर्वाद. तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर सासऱ्याचं पत्र पाहून घाबरू नका. सर्वजण सुखरूप आहेत. संकटात मी एकटाच आहे.

आसावरीने मला केसांची हकीकत कळवून तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे. ठीक. पण तिला हे माहीत नाही की जुलैपासून माझं तोंड दुसऱ्या बाजूनेही बंद आहे.

मकरंदची कंपनी त्याला अमेरिकेला पाठवते आहे. सन दोन हजार उजाडलं की म्हणे सगळी कॉम्प्युटरं वर्ष विसरणार, ती आधीच दुरुस्त करायला ह्यांना नेतात. त्याचा व्हिसा गेल्या आठवड्यात मद्रासला झाला. एकोणतीस नोव्हेंबरला निघायचं आहे. कुठे म्हणाल? न्यू जर्सी. तुमच्या घरापासून गाडीने चाळीस मिनिटं.

हिने जुलैतच मला देवासमोर उभं केलं आणि म्हणाली, आसाला हे कळता कामा नये. मामाच तिकडे येतोय म्हटल्यावर ती तिकडेच जावळ उरकेल आणि यायचं रद्द करेल. मकरंदलाही तंबी दिली आहे. तिकिटं निघाल्यावर सांगायचं असा तिचा बेत. बाई सत्यनारायणाच्या प्रसादात साखर कमी पडली तरी चारचौघांत कबूल करते, आणि इथे दोन महिने पत्रातून 'मकरंदबद्दल विशेष काही नाही' असं लिहिते आहे. लिहिताना तिचे कान लाल होतात. मी समोरच बसलेला असतो.

तर परिस्थिती अशी. रोज संध्याकाळी चहानंतर ही माझ्यापुढे पंचांग ठेवते आणि विचारते, नऊ बरी की अकरा? मी चष्मा लावतो, पट्टी घेतो आणि नक्षत्र बघतो. ज्या कार्याला ना केस उरलेत ना मामा, त्याचा मुहूर्त मी काढतो आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही खोट्या आराखड्यावर सही केली नाही. आता म्हातारपणी ही वेळ आली.

तुम्ही वयाने लहान असलात तरी डोकं थंड आहे. काय करावं? बोलू की गप्प बसू? खाली मार्गोसा रोडवरच्या एसटीडी बूथचा फॅक्स नंबर दिला आहे. उत्तर त्रोटक लिहावं, तो मुलगा पानामागे पैसे घेतो.

आपला
मधुकर

*

फॅक्स
३० सप्टेंबर १९९८

ती. बाबांस, सा. नमस्कार.

गप्प बसा. मीही गप्प आहे. दोघींचं गुपित दोघींनीच फोडलं तर बरं, आपण मध्ये पडलो तर आपल्यालाच धरतील.

कारणाशिवाय खर्च नको, असं मी एकदाच म्हटलं होतं, ते सोफासेटबद्दल. ती ते चार वर्षं घरी येण्याला लावून बसली आहे हे मला आजच तिच्या बोलण्यातून कळलं. तुमचा आराखडा तिने फ्रिजवर लावलाय. रोज सकाळी चहा होईस्तोवर त्याच्यासमोर उभी असते. ती येणारच, जावळ असो वा नसो. फक्त तिला तसं कुणी सांगायला हवं, आणि ते मी सांगून उपयोगाचं नाही. आईंनी सांगायला हवं.

अवधूत

*

मल्लेश्वरम
१ ऑक्टोबर १९९८, दसरा

चि. आसा,

आज सणाचं खोटं लिहायला हात होईना, म्हणून खरं लिहिते.

मकरंद एकोणतीस नोव्हेंबरला अमेरिकेला येतोय. तुझ्याच गावाजवळ. मला हे जुलैपासून माहीत आहे. तुझ्यापासून लपवलं, ह्यांना लपवायला लावलं, मकरंदला ईमेल करू दिलं नाही. त्याच्या साहेबाचं नाव उगीच पुढे केलं, तो बिचारा भला माणूस आहे.

म्हणजे डिसेंबरात इथे मामा नाही. मी जी खिडकी खिडकी म्हणून तुला नाचवत होते, तिच्यात काही नव्हतं. तू त्या भरवशावर पैसे भरलेस आणि इथे येऊन पाहिलंस की मांडी देणारा माणूसच नाही, तर तुला काय वाटेल? आज सकाळी ह्यांनी पाटी-पुस्तकांची पूजा मांडली, त्यात तो लाल-निळ्या रेघांचा कागदही ठेवला. ते बघितलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. तिकीट काढू नकोस. जावळ तिकडेच मकरंदच्या मांडीवर काढा, त्याला रजा मिळेल त्या रविवारी.

का लपवलं ते सांगते. मी लग्न होऊन बेंगलोरला आले त्याला पस्तीस वर्षं झाली. माझी आई सांगलीला. एका रात्रीची गाडी. पस्तीस वर्षांत मी आईकडे गेले ती लग्नांना, मुंजींना, बारशांना आणि शेवटी तिच्या दिवसांना. नुसती, काही नसताना, अशी एकदाही गेले नाही. जावंसं वाटायचं, पण विचारायची लाज वाटायची. कुणी विचारलं कशाला चाललीस, तर सांगू काय? आईनेही कधी नुसतं ये म्हटलं नाही. तिलाही वाटत असेल, कारण नसताना कसं बोलवायचं. मला ते आता कळतं. म्हणून मी तुझ्यासाठी कारण धरून ठेवलं होतं, आणि ते सुटू नये म्हणून खोटं बोलले.

मला जावळाचं काही पडलेलं नाही ग. मला तुला बघायचं होतं आणि पोराला मांडीवर घ्यायचं होतं.

रागावू नकोस. सोनं घे.

आई

*

एडिसन
२ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. आईस,

काल इथे दसऱ्याला आपट्याची पानं कुठून आणणार, म्हणून अवधूतने वेदांतच्या हातात अंगणातलं मेपलचं पान दिलं. त्याने ते मला दिलं आणि म्हणाला, "आजी." फोटो बघून बघून त्याला वाटतं, देण्याघेण्याची प्रत्येक गोष्ट आजीची असते. त्यानंतर मला गप्प बसवेना.

आई, त्याचं जावळ निघालं. महिना झाला. च्युइंगगम चिकटलं आणि सगळं काढावं लागलं. बाबांना सांगितलं होतं, त्यांना बोलू नका म्हटलं होतं, त्यांच्यावर चिडू नकोस. फोटो सोबत आहे. कावेरीअक्कांना दाखव, आता मुलगा दिसतो.

तुला सांगितलं नाही, कारण जावळ नाही म्हटल्यावर यायला काही कारणच उरत नव्हतं, आणि मला यायचं होतं. एजंटची मुदत पंधराला संपते. पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. पण खोटं सांगून येऊन तुझ्या हातचं खाणं मला गोड लागणार नाही. आता तूच सांग. काढू का तिकीट? नको म्हणालीस तर नाही काढणार. काढ म्हणालीस, तर काय सांगून येऊ तेही सांग.

आसा

*

फॅक्स, मार्गोसा रोड
१३ ऑक्टोबर १९९८

चि. आसावरी व अवधूतराव,

पान एकच आहे म्हणून थोडक्यात. आसावरीचं २ तारखेचं पत्र आज दुपारी पोचलं. हिचं १ तारखेचं तिकडे पोचलं असेलच. दोन्ही पत्रं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली.

हिने पत्र वाचलं, फोटो बघितला आणि स्वयंपाकघरात खाली बसून इतकी हसली की कावेरीअक्का धावत आल्या. नंतर डोळे पुसले. ते हसूनच आले होते असं कळवायला सांगितलं आहे.

आता तांत्रिक बाजू. जावळ रद्द झाल्यामुळे दत्तजयंती, धनुर्मास व मामा या तिन्ही अटी गळाल्या. लाल रेघ पुसली. मग मी निळी रेघ नीट पाहिली, तर डिसेंबरची वाट बघण्याचं काही प्रयोजनच नव्हतं. नोव्हेंबर सर्वांत स्वस्त. मकरंदही २९ पर्यंत इथेच. ही गोष्ट ऑगस्टातच दिसायला हवी होती. मी पंचांगातून डोकं वर काढलं नाही, चूक माझी. ताबडतोब निघावं. परत जाणे २१ डिसेंबरच्या आत. म्हणजे सहा आठवडे मिळतात, आधीच्या आराखड्यात दोनच होते.

पुढचं ही लिहिते आहे, मी अडवलं तरी ऐकत नाही.

आसा, काढ तिकीट. काय सांगून येऊ म्हणतेस? काही सांगू नकोस. ये.

*

मल्लेश्वरम
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय अवधूत,

फोनवर 'पोचलो' एवढंच सांगता आलं, कारण बाबा घड्याळ घेऊन उभे होते. आता सविस्तर ऐक.

मुंबईला विमान बदलेपर्यंत वेदांतने सगळ्या प्रवाशांशी ओळख करून घेतली आणि बेंगलोर यायच्या दहा मिनिटं आधी तो गाढ झोपला. बाहेर आले तर आई, बाबा, मकरंद रांगेत उभे. चार वर्षांनी भेटलेल्या मुलीकडे आईने बघितलंदेखील नाही. सरळ माझ्या खांद्यावरून त्याला उचललं आणि ओठांवर बोट ठेवलं. टॅक्सीत मल्लेश्वरमपर्यंत कुणालाही बोलू दिलं नाही. बाबा माझी चौकशी खुणांनी करत होते. मकरंदने 'जाडी झालीस' हेसुद्धा खुणेनेच सांगितलं. घरी आल्यावर पोराला पलंगावर ठेवलं, दार लोटलं, आणि मग आई माझ्याकडे वळली. ते काही मी लिहू शकत नाही.

वेदांत इथला झाला आहे. मकरंद त्याला स्कूटरवर पुढे उभा करून रोज संपिगे रोडला फिरवतो. आई दिवसातून दहा वेळा त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "स्वल्प वाढलेत हं." मला सकाळी नाश्त्याला काय करू विचारतात, मी सांगते, आणि मिळतं भलतंच. तुझी खिचडी चालू असेलच. डब्यातलं मेतकूट संपवू नकोस.

पण जे सांगायला बसले ते वेगळंच आहे. इथे ज्याला त्याला प्रश्न पडलाय की मी का आले. फुलवाली, इस्त्रीवाला, दूध केंद्रातला माणूस, सगळे आईला एकच विचारतात, "येनु विशेष?" म्हणजे काय विशेष, घरात काय कार्य आहे? पहिले चार दिवस आई गडबडायची. कुणाला सांगितलं, मकरंद चाललाय म्हणून आली. कुणाला सांगितलं, मुलाला हवाबदल. इस्त्रीवाल्याला तर म्हणाली, डॉक्टरने सांगितलंय. कुणाच्या डॉक्टरने आणि काय, ते तिलाही माहीत नव्हतं.

काल संध्याकाळी आम्ही दोघी आठव्या क्रॉसच्या बाजारात भाजीला गेलो. वेदांत आईच्या कडेवर. कावेरीअक्का भेटल्या. त्यांची कावेरी नावाप्रमाणे वाहतच असते, त्यांनी यादीच काढली. मकरंदचं ठरलं का? नाही. मधुकररावांची काही शांत आहे का? नाही. मग सत्यनारायण तरी? तेही नाही. शेवटी हात जोडल्यासारखं करून म्हणाल्या, मग येनु विशेष, ते तरी सांगा.

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं, पदर सारखा केला आणि भर बाजारात खणखणीत आवाजात म्हणाली, "येनू इल्ला. सुम्ने बंदिदाळे."

तुला कानडी येत नाही म्हणून सांगते. विशेष काही नाही, सहज आली आहे, असं ती म्हणाली. सुम्ने म्हणजे उगीच, काही काम नसताना, मनात आलं म्हणून.

कावेरीअक्कांचा विश्वास बसेना. "अमेरिकेहून? सुम्ने?" आई म्हणाली, हो, अमेरिकेहून, सुम्ने. अवधूत, मी आईला मुंजीत, लग्नात, हळदीकुंकवात शालू नेसून मिरवताना बघितलंय, पण तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. मग अक्कांनी हळू आवाजात मला विचारलं, तिकीट कुठल्या महिन्यात स्वस्त असतं, कारण त्यांची मुलगी सहा वर्षं झाली ऑस्ट्रेलियात आहे. मी बाबांकडे जायला सांगितलं.

तिथून घरापर्यंत दहा मिनिटांची वाट आहे, आम्हाला पाऊण तास लागला. आई प्रत्येक दुकानाशी थांबत होती. आता कुणी विचारतही नव्हतं, तरी तीच सांगत होती, ही माझी मुलगी, अमेरिकेत असते, सुम्ने आली आहे.

तुझी
आसावरी